खानदेशात सेक्स्टंट कशाला?

पिंप्राळ्यात आता जुनं गाव शोधावं लागतं. विठ्ठलाचं मंदिर, आषाढी एकादशीचा रथ, अरुंद गल्ल्या आणि उरलीसुरली धाब्याची घरं एवढा गाभा शिल्लक आहे. बाकी चहूबाजूंनी कॉलन्या, बंगले आणि अपार्टमेंट उठली. जळगाव महापालिकेत गेलेल्या या गावात नवे दिवाणखाने सजले आणि त्यांच्यासोबत सजावटीची एक नवी आवडही आली. शोकेसमध्ये एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला मुलांच्या ट्रॉफ्या आणि मधोमध चकचकीत पितळी सेक्स्टंट. शेजारी तीन नळ्यांची दुर्बीण, नाहीतर लाकडी पेटीतलं होकायंत्र.

सेक्स्टंट हे खलाशाचं यंत्र. भर समुद्रात क्षितिज आणि सूर्य यांच्यातला कोन मोजून आपण कुठे आहोत हे ठरवण्यासाठी ते बनलं. जळगावपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे-तीनशे किलोमीटरांवर. इथे क्षितिजावर दिसतात ती केळीची आणि कपाशीची शेतं. म्हणून सेक्स्टंट ठेवू नये असं मी म्हणणार नाही. घर ज्याचं त्याचं. पण जुनी शास्त्रीय उपकरणं शोभेसाठी जमवायची असतील तर आधी शोकेसमधल्या त्या सेक्स्टंटवरची अक्षरं वाचावीत. बहुतेक वेळा तिथे कोरलेलं असतं: केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७.

या नावाची कंपनी १९१७ साली अस्तित्वातच नव्हती. केल्व्हिन, बॉटमली अँड बेअर्ड ही एक कंपनी आणि हेन्री ह्यूजेस अँड सन ही दुसरी. दोघी एकत्र आल्या १९४७ मध्ये. म्हणजे तीस वर्षांनंतर जन्मलेल्या कंपनीचा शिक्का घेऊन ही वस्तू मोठ्या दिमाखात उभी असते. अशा वस्तू आपल्याच देशात बनतात. रुडकीला गंगा कालव्याच्या काळापासून सर्वेक्षणाची उपकरणं बनवण्याची परंपरा आहे आणि आज त्याच गावातून जहाजी थाटाच्या पितळी प्रतिकृती जगभर जातात. मुरादाबादचे पितळ कारागीरही यात मागे नाहीत. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर त्या मिळतात, आता घरबसल्या मोबाइलवरही मिळतात. प्रतिकृती म्हणून, प्रतिकृतीच्या भावात घेतली तर त्यात वावगं काही नाही. मुलं हाताळतात, पाहुणे विचारतात, दिवाणखाना भरल्यासारखा वाटतो. फसगत होते ती ‘इंग्रजांच्या काळातलं आहे, साहेब’ म्हणून दहापट पैसे मोजल्यावर.

अस्सल आणि नक्कल ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही, भिंग लागतं. आधी पाहावी ती कमान, म्हणजे अंशांच्या खुणा असलेली वक्र पट्टी. सेक्स्टंटची कमान वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी असते, तरी तिच्यावर खुणा १२० अंशांपर्यंत आणि थोड्या पुढे असतात, कारण आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. अस्सल यंत्रात या खुणा पितळात कोरलेल्या चांदीच्या बारीक पट्टीवर असतात. रेघा केसासारख्या, सगळ्या सारख्या अंतरावर. जेसी रॅम्सडेन या इंग्रज कारागिराने १७७५ च्या सुमारास खुणा पाडण्याचं चाकयंत्र परिपूर्ण केलं, तेव्हापासून हा काटेकोरपणा परवडू लागला आणि यंत्रं लहान, हलकी झाली. नकलेत रेघा ठोकळ असतात, कुठे जाड कुठे पुसट, आणि व्हर्नियरची पट्टी मुख्य पट्टीशी जुळतच नाही. मग पाहावेत स्क्रू. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. ‘१८८५’ कोरलेल्या दुर्बिणीत तसा स्क्रू दिसला की पुढे काही विचारू नये, नमस्कार करून निघावं.

यात मोठमोठे फसले आहेत, तेव्हा लाजण्याचं कारण नाही. अ‍ॅम्स्टरडॅमच्या अँटन मेन्सिंग यांचा जुन्या उपकरणांचा संग्रह शिकागोच्या अ‍ॅडलर तारांगणासाठी १९३० मध्ये विकत घेतला गेला. पुढे १९५० च्या दशकात डेरेक प्राइस या विज्ञानेतिहासकाराने त्यातली काही उपकरणं बनावट असल्याचं दाखवून दिलं. शोभेच्या वस्तूंचा बाजार जिथे आहे तिथे हे असणारच.

मला खटकतं ते वेगळंच. लंडनचं खोटं नाव कोरलेलं पितळ आपण काचेत ठेवतो आणि आपल्याच माळ्यावरचं खरं पितळ मोडीत घालतो. भांडीवाला दारात येतो, ‘ताई, जुनं पितळ काढा, किलोवर चांगला भाव देतो’ म्हणतो आणि आजोबांचा काटा, मापं, वजनं एका पोत्यात निघून जातात. खानदेश हा पिढ्यान्‌पिढ्या मोजमाप करणारा मुलूख आहे. सोनं, कापूस, जमीन, तेल, धान्य, मुहूर्त. यातल्या प्रत्येकाचं यंत्र होतं आणि त्यातली बरीच देखणी होती.

सुरुवात सोन्यापासून करू, कारण जळगावचा सराफ बाजार हे या शहराचं नाक आहे. जुना सराफी काटा हातभर लांबीच्या लाकडी पेटीत मावतो. पेटीत दांडीसाठी खाच, दोन पारड्यांसाठी गोल खळगे, वजनांसाठी लहान कप्पे, आणि एखाद्या कप्प्यात अजूनही लाल-काळ्या गुंजा. पारडी पातळ पितळेची, तीन-तीन रेशमी दोऱ्यांवर लटकलेली. दांडीच्या मधोमध पोलादी सुरीसारखी धार आणि ती टेकते तो खळगा. सगळी अचूकता या धारेत. धार बोथट झाली की काटा रुसतो. तपासायची रीत सोपी आहे. रिकामी पारडी समतोल येऊ द्या. मग एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात तेवढीच वस्तू ठेवून दांडी स्थिर करा, आणि दोन्हींची अदलाबदल करा. दांडीचे दोन्ही हात सारखे असतील तर ती पुन्हा समतोल राहते. नाहीतर एक हात लांब आहे. तो जाणूनबुजून लांब ठेवला असेल तर त्याला आपल्याकडे काटा मारणं म्हणतात आणि कापूस विकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

वजनांचा हिशोब असा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. इंग्रजांनी तोळा १८० ग्रेन ठरवला, आजच्या भाषेत ११.६६ ग्रॅम. १८३५ चा चांदीचा कंपनी रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा पाडला. त्यामुळे काट्याच्या पेटीत जुना रुपया सापडला तर तो कुणी विसरून ठेवलेला नसतो. तो तोळ्याचं वजन म्हणूनच तिथे असतो. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हे सगळं शेकडो पिढ्या चालेल असं वाटत होतं, पण १९५६ च्या कायद्याने दशमान वजनं आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत शेर-मण बाजारातून हद्दपार झाले. सोनं मात्र अजूनही तोळ्यातच बोललं जातं. फक्त तो तोळा आता दहा ग्रॅमचा आहे आणि लग्नाच्या याद्या करताना हा फरक आजीला सांगायचं धाडस कुणी करत नाही.

जुन्या लोखंडी वजनाच्या बुडाशी शिशाचा ठिपका असतो. त्यावर निरीक्षकाचे शिक्के उमटलेले दिसतात, कारण वजनं ठरावीक काळाने तपासून घ्यावी लागत. शिक्क्यांवरून वजन कधी वापरात होतं हे समजतं. असं वजन घरात ठेवायला हरकत नाही. त्याने माल विकायला मात्र बंदी आहे.

सोन्यानंतर जमीन. भिंतीवर टांगायला मोजणीच्या साखळीइतकी सुंदर वस्तू मला दुसरी माहीत नाही, आणि तिच्याइतका भांडणांचा इतिहास असलेली तर नाहीच. मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली गेली. तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचं. लांबी एक साखळी, रुंदी एक साखळी, म्हणजे ३३ गुणिले ३३, अर्थात १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज पिंप्राळ्यात प्लॉटचे व्यवहार ज्या गुंठ्यात होतात, तो मुळात एका लोखंडी साखळीचा चौरस आहे. साखळीच्या जोडीला असायचा शंकू. काठीच्या टोकाला बसवलेलं पितळी किंवा लाकडी डोकं, त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या फटी. एका फटीतून साखळीची रेघ पाहायची, दुसरीतून शेताचा कोपरा. काटकोन जुळला की लंबाचं अंतर मोजायचं आणि टिपणात नोंदवायचं. शंकू-साखळीची मोजणी म्हणतात ती हीच. मोजणीदारांच्या जुन्या घराण्यांत असा शंकू अजून सापडतो. आठ बाजूंचा पितळी असेल तर टेबलावर तो एखाद्या शिल्पाला लाजवेल.

१८५२ मध्ये इंग्रजांनी खानदेशात नव्या धारापद्धतीसाठी मोजणी सुरू केली तेव्हा लोक खवळले. सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांत जमाव जमले, मोजणी बंद करा म्हणून अधिकाऱ्यांना घेराव पडला आणि बंदोबस्तासाठी भिल्ल पलटण आणावी लागली. सारा वाढेल ही भीती त्यामागे होती. पण भीतीचं दिसणारं रूप होतं ती शेतात पसरलेली साखळी. म्हणूनच दिवाणखान्यात ती टांगताना खाली एक छोटी चिठ्ठी लावावी. पाहुण्याला ती नुसती गंजकी साखळी वाटता कामा नये.

या साखळीत एक गंमतही आहे. लोखंड तापलं की लांबतं. जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी पंचेचाळीस अंश, एवढ्या फरकाने ३३ फुटांची साखळी जवळपास चार मिलिमीटर वाढते. त्याहून जास्त ती झिजण्याने वाढते, कारण प्रत्येक कडी दुसरीवर घासून पातळ होते. साखळी लांबली की शेत कमी भरतं, कारण तेवढीच जमीन कमी साखळ्यांत मोजून होते. मोजणीदाराची जुनी, ढिली साखळी शेतकऱ्याला फायद्याची! अर्थात ती तपासून पुन्हा नीट करण्याची पद्धतही होती, नाहीतर सरकारचं कसं भागायचं.

मापावरून आठवण निघाली म्हणून चाळीसगावकडे जाऊ. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला डोंगरात पाटणादेवीचं देऊळ आहे आणि त्या पाटणच्या परिसरात १२०७ सालचा एक शिलालेख मिळाला. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचं त्यात सांगितलं आहे. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडीदेवांनी त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटी जिथे व्यवहाराची गोष्ट येते तिथे भाषा मराठी होते. बाजारातल्या कुणी मठाला काय द्यायचं, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचं हे तिथे येतं. आणि या गावात जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं, असंही त्यात बजावलेलं आहे. गणित-ज्योतिषाच्या विद्यालयाकडे गावाचं प्रमाणमाप! आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात ही सोय होती. आज हे काम वैधमापन खातं करतं.

भास्कराचार्यांनी १११४ मध्ये जन्म घेऊन वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्यात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक अशी नऊ यंत्रं ते सांगतात आणि दहावं म्हणून धी, म्हणजे बुद्धी, हे यंत्र सगळ्यांत खरं ठरवतात. शोभेसाठी दहावं कामाचं नाही, पण पहिल्या नवांपैकी एक खानदेशातल्या बऱ्याच घरांत नुकतं-नुकतंपर्यंत होतं. ते म्हणजे घटिकापात्र.

लग्नात मुहूर्त साधण्यासाठी गुरुजी जे तांब्याचं वाटीवजा भांडं घंगाळात तरंगत सोडायचे ते हे. बुडाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक. पाणी आत झिरपतं, वाटी हळूहळू जड होते आणि एका क्षणी ‘गुडुप्‌’ करून तळाशी जाते. ती एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. अशा साठ घटिकांचा दिवस-रात्र. जुन्या ग्रंथांत या वाटीचं वजन, उंची, तोंडाची रुंदी आणि भोक पाडणाऱ्या सोन्याच्या तारेची जाडीसुद्धा दिलेली आहे. भास्कराचार्यांनी या काथ्याकूटात पडायचं टाळलं. त्यांचं म्हणणं सरळ: तांब्याची वाटी करा, तळाला भोक पाडा, दिवस-रात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा, आणि दिवसाला त्या संख्येने भागा. वाटी स्वतःच आपलं माप सांगते. प्रत्येक यंत्र वापरण्याआधी तपासून घ्यावं, हा आधुनिक प्रयोगशाळेतला शिरस्ताच झाला की हा.

जुनं घटिकापात्र हाती आलं तर नक्की करून पाहा. बादली नको, रुंद घंगाळ घ्या, म्हणजे वाटी काठाला चिकटत नाही. पाणी गाळून घ्या. जळगावच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्याने भोक अर्धं बुजलेलं असतं आणि वाटी तासभर तरंगत बसते. अशा वेळी टोचा, दाभण, ड्रिल असलं काही आत घालू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी वाटी कायमची घाई करायला लागते. व्हिनेगरात थोडा वेळ भिजवून मऊ ब्रशने क्षार काढावा, स्वच्छ पाण्याने धुवावं, एवढं पुरे. त्यानंतरही बरोबर २४ मिनिटं भरतीलच असं नाही. मे महिन्यातलं कोमट पाणी डिसेंबरच्या पाण्यापेक्षा पातळ वागतं आणि वाटी थोडी लवकर बुडते. कुटुंबाला एका संध्याकाळी गोळा करून हा खेळ दाखवला की त्या वाटीला पुढे कुणी मोडीत देत नाही.

आता बाहेरून आलेल्या एका यंत्राबद्दल, कारण ते खानदेशात आल्यावर फार मजेदार वागतं. जुन्या इंग्रजी घड्याळासारखा दिसणारा भिंतीवरचा बॅरोमीटर, म्हणजे वायुदाबमापक. तबकडीवर इंचांत आकडे आणि त्यांच्या शेजारी हवामानाचे शब्द: २८ ला वादळ, २९ ला पाऊस, साडेएकोणतीसला बदल, तीसला स्वच्छ. हे शब्द समुद्रसपाटीजवळच्या इंग्लंडसाठी आहेत. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंच. इथला दाब त्यामुळे मुळातच पाऊण इंचाने कमी, आणि उन्हाळ्यात तापलेल्या हवेमुळे आणखी घसरलेला. परिणामी मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळीसवर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशा वेळी हा काटा ‘पाऊस’ या शब्दाच्याही खाली उतरतो. हिवाळ्यात सहा महिने थेंब पडणार नसतो तेव्हा तो पाऊस आणि बदल यांच्यामध्ये घुटमळतो. यंत्र बिघडलेलं नसतं. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. त्या दिवशीचा समुद्रसपाटीला नेलेला दाब हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पाहून काटा तिथे आणून ठेवायचा. शब्द तरीही चुकतच राहतील, कारण आपला पाऊस इंग्लंडच्या नियमांनी येत नाही. मी तर म्हणेन, स्क्रू फिरवूच नये. मेमध्ये ‘पाऊस’ दाखवणारा बॅरोमीटर जळगावकराला आशा तरी देतो.

पाऱ्याचा बॅरोमीटर घ्यायचा मोह मात्र आवरावा. काचेची लांब नळी, त्यात पाऱ्याचा जवळपास पाऊण मीटर उंचीचा स्तंभ. हलवताना फुटला तर वाफ घरभर आणि ती विषारी. शाळेच्या प्रयोगशाळेत तो बरा. दुसरा धोका फारसा कुणाला माहीत नसतो: दुसऱ्या महायुद्धातली लष्करी होकायंत्रं. अंधारात काटा चमकावा म्हणून त्यावर रेडियमचा रंग दिलेला असतो. रंगातलं चमकणारं द्रव्य केव्हाच थकलेलं असतं, पण रेडियम नाही. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. अशी वस्तू काचेत ठेवावी, पण उघडू नये, घासू नये आणि मुलांच्या हातात देऊ नये.

घासणं हाच शोभेच्या पितळाचा खरा शत्रू आहे. आपल्याकडे पितळ म्हटलं की चिंच, मीठ, राख नाहीतर बाजारातली पावडर, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी भांडी लखलखीत. देवघरातल्या समईला ते ठीक. पण जुन्या उपकरणांवर कारागिराने लाखेचा पातळ सोनेरी थर दिलेला असतो आणि खुणांच्या रेघांत काळं मेण भरलेलं असतं. एकदा चिंचेने घासलं की लाख गेली, मेण गेलं, आकडे बुजले. उरतं ते नुसतं पितळ, आणि मग भांडीवाल्याचाच भाव योग्य म्हणायचा. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी, बस. लाकडी पेट्यांची काळजी वेगळी. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या आक्रसून चिरतात, पावसाळ्यात फुगून झाकण अडतं. तेव्हा त्या उन्हाच्या खिडकीत किंवा कूलरच्या झोतासमोर ठेवू नयेत. भिंगांना पावसाळ्यात बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या आणि दर पावसाळ्याआधी बदलाव्या.

मिळवायचं कुठून? सर्वांत उत्तम स्रोत आपलंच घर आणि नातेवाईक. त्यानंतर जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा. टँजंट गॅल्व्हानोमीटर, स्प्रिंग काटे, एका डोळ्याचे पितळी सूक्ष्मदर्शक असं बरंच तिथे कपाटावर पडलेलं असतं. त्यातलं बहुतेक अंबाल्याच्या कारखान्यांतलं, काही कलकत्त्याचं. तिथे सर्वेक्षणासाठी १८३० मध्ये गणिती उपकरणांची सरकारी कार्यशाळा निघाली होती आणि अर्काटहून आलेले सय्यद मोहसीन यांच्यासारखे कारागीर इंग्रजी थिओडोलाइट खोलून पुन्हा जोडत. त्या कार्यशाळेचा शिक्का असलेली वस्तू लंडनच्या खोट्या नावापेक्षा कितीतरी मोलाची. मात्र शाळेची वस्तू शिपायाला दोनशे रुपये देऊन आणायची नसते. डेड स्टॉक रजिस्टरमधून रीतसर निर्लेखन होऊन, लिलावाची पावती घेऊनच ती घरी यावी. रेल्वेच्या वस्तूंच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावं. भुसावळ जवळ असल्याने जुनी टोकन यंत्रं, दिवे, घड्याळं यांची इथे चांगलीच ओढ असते, पण रेल्वेची मालमत्ता कागदाशिवाय बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक कायदा ध्यानात ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात विज्ञानाशी संबंधित जुन्या वस्तूही येतात आणि शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती घरात ठेवायला अडचण नाही, पण परदेशात नेता येत नाही. खानदेशातली मुलं आता न्यू जर्सीत आणि डलासमध्ये आहेत. ‘पणजोबांचा काटा मी घेऊन जातो’ असं कुणी म्हटलं तर त्याला फोटो द्यावा.

विकत घेण्याआधी पाहून डोळा तयार करावा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय यासाठी चांगलं. कवी म्हणून ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, पेट्या अशा घरगुती वस्तू हजारोंनी जमवल्या, तेही लोक त्या फेकून देत होते अशा काळात, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून. जुनी कागदपत्रं आणि वस्तू बघायला खानदेशातल्या माणसाने पुण्याआधी तिथे जावं.

शेवटी गच्चीसाठी एक सूचना. हल्ली बंगल्यांच्या बागेत पितळी सूर्यघड्याळ ठेवायची फॅशन आहे. बाजारात मिळणारं बहुतेक लंडनच्या अक्षांशासाठी, साडेएक्कावन्न अंशांच्या त्रिकोणी काट्याचं असतं. जळगाव २१ अंशांवर आहे, त्यामुळे तो काटा इथे वेळ दाखवत नाही, नुसता उभा राहतो. घ्यायचंच तर अक्षांश बदलता येणारं घ्या, काटा २१ अंशांवर लावा आणि टोक उत्तरेला करा. होकायंत्राच्या नव्हे, ध्रुवताऱ्याच्या उत्तरेला. तरीही ते मनगटावरच्या घड्याळाच्या साधारण २८ मिनिटं मागे राहील, कारण भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास. ऋतूनुसार त्यात पाव तासापर्यंत फरक पडतो. वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर, भरदुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, तेव्हा मेचाच धरावा, आणि गच्चीवर जाताना चप्पल घालावी.